मत न देणाऱ्याचीही नोंद होते

१९ एप्रिल २०२४ रोजी नागपूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा यादीत २२ लाखांहून अधिक नावे होती. त्यांतल्या साधारण ५४ टक्के मतदारांनी मत दिले. दहा लाखांच्या आसपास नावांपुढे खूणच झाली नाही. निवडून आलेल्या उमेदवाराची मते होती साडेसहा लाखांच्या थोडी वर. आणि ही एका वर्षाची गोष्ट नाही: २०१४ मध्ये हा आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास होता, २०१९ मध्ये ५५ च्या. २०१४ पासून तो थोडा थोडा खालीच सरकतो आहे.

यावर नागपुरात पहिले उत्तर ठरलेले असते: ऊन. एप्रिलमधले नागपूरचे ऊन खरेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच दिवशी, त्याच विदर्भात गडचिरोली-चिमूरमध्ये ७२ टक्क्यांच्या जवळपास मतदान झाले. तिथल्या काही विधानसभा क्षेत्रांत सुरक्षेच्या कारणाने मतदान दुपारी ३ वाजताच थांबवले जाते, म्हणजे सकाळी चुकले तर संध्याकाळी जाऊ हा पर्यायच नाही. मतदान केंद्र गावाला लागूनच असेल याचीही तिथे खात्री नसते. सिव्हिल लाइन्स किंवा रामदासपेठेतल्या माणसाला केंद्रावर जायला किती वेळ लागतो, हे त्याने स्वतःच मोजावे. मतदान सकाळी ७ ला सुरू होते, आणि सात ते नऊ या वेळात ऊन कुणाचा रस्ता अडवत नाही.

पण या दहा लाखांना सरसकट आळशी म्हणणेही मला मान्य नाही. त्यांत तीन वेगळे लोक आहेत. पहिले ते, ज्यांचे नाव इथे आहे पण माणूस नाही: वारलेले, पुण्याला किंवा हैदराबादला कायमचे गेलेले, दोन ठिकाणी नाव असलेले. दुसरे ते, जे नागपुरातच आहेत पण नाव जुन्या पत्त्यावर राहिले आहे. तिसरे ते, ज्यांचे नाव, घर आणि केंद्र तिन्ही एका गल्लीत आहेत, आणि तरी ते गेले नाहीत. रविवारच्या चर्चेत फक्त तिसऱ्यांवर राग निघतो. पहिल्या दोघांची गैरहजेरी मात्र मतदानाच्या दिवशी घडतच नाही. ती आधीच्या चार-पाच वर्षांत यादीत साचत गेलेली असते. म्हणूनच मतदाराची जबाबदारी यादीपासून सुरू होते असे मी मानतो. बोटाला शाई लागते तो तिचा शेवटचा टप्पा.

नागपूरपुरते हे दुखणे फार नेमके आहे, कारण हे शहर गेली वीस-पंचवीस वर्षे दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरत चालले आहे. महालातल्या वाड्यातून किंवा इतवारीतल्या गाळ्यावरच्या खोलीतून माणूस बेसा-बेलतरोडीच्या फ्लॅट स्कीममध्ये जातो. त्याच्या दृष्टीने तो नागपुरातच राहतो. निवडणुकीच्या नकाशावर मात्र तो मध्य नागपूर विधानसभेतून कामठी विधानसभेत गेलेला असतो, आणि कामठी नागपूर लोकसभेत नाही, रामटेक लोकसभेत मोडते. बेसा महापालिकेच्याही हद्दीबाहेर आहे. थोडक्यात, खासदार, आमदार आणि स्थानिक संस्था, तिन्ही बदलले. वाडी-हिंगण्याकडे गेलेल्यांचेही असेच. नाव महालातच राहिले, तर मतदानाच्या दिवशी १०-१२ किलोमीटर जाऊन त्या वस्तीसाठी मत द्यायचे जिथे आपण राहत नाही, आणि घरासमोरचा रस्ता ज्याच्या हातात आहे त्याला निवडण्यात काहीच वाटा नाही. बहुतेक लोक यातले काहीच करत नाहीत, घरी बसतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव तिथेच असावे जिथे माणूस सामान्यतः राहतो. घर विकत घेतले म्हणून तिथे नाव लागत नाही आणि भाड्याने राहतो म्हणून नाकारलेही जात नाही. एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. त्यामुळे घर बदलल्यावर नमुना ६ भरून नव्याने नोंदणी करणे ही चूक आहे. नमुना ६ पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी आहे. घर बदलणे, नावातली दुरुस्ती आणि ओळखपत्राची नवी प्रत ही तिन्ही कामे ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ मध्ये होतात. पत्ता बदलाचा नमुना ८ मंजूर झाला की जुने नाव वगळण्याची कारवाई त्यातूनच होते. नमुना ६ भरला तर जुने नाव तसेच राहते, माणूस दुबार मतदार होतो आणि खोटे प्रतिज्ञापन केल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद त्याला लागू होऊ शकते. ज्यांना लोक 'बोगस मतदार' म्हणून टीव्हीवर पाहतात, त्यांतले कितीतरी जण चुकीचा अर्ज भरलेले साधे भाडेकरू असतात.

भाडेकरूची खरी अडचण कागदाची. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँकेचे पासबुक, आधार, पासपोर्ट किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नागपुरात बहुतेक करार अकरा महिन्यांचे आणि नोटरीपुरते असतात. नोटरी म्हणजे नोंदणी नाही, म्हणून अर्ज अडकतो. बिल घरमालकाच्या नावावर असते. अशा वेळी लोक सोडून देतात. खरे तर यांतले काहीही नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, घरी येऊन पाहणी करायची असते. हा बीएलओ बहुधा शाळेतला शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते. तो दुपारी येतो, घराला कुलूप दिसते, शेजारच्याला विचारतो, शेजारी म्हणतो 'इथे असे कुणी राहत नाही', आणि अर्ज नामंजूर होतो. अर्ज केल्यावर शेजारी आणि घरमालक दोघांना सांगून ठेवणे, बीएलओला स्वतः फोन करून वेळ ठरवणे, ही दोन कामे केली तर अर्धे अर्ज वाचतील. बीएलओचे नाव आणि क्रमांक मतदार सेवा संकेतस्थळावर मिळतो, १९५० या क्रमांकावरही विचारता येते. अर्ज नामंजूर झालाच तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अपिलाचा हा मार्ग जवळजवळ कुणी वापरत नाही.

वेळेचाही घोळ असतो. पूर्वी वर्षातून १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आगाऊ अर्ज करून ठेवू शकते. पण निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्याला दार फार कमी वेळ उघडे असते. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालताच येत नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने अर्ज त्याच्या साधारण दहा दिवस आधी पोचलेला लागतो. भिंतीवर पहिले पोस्टर दिसते तोवर ही मुदत बहुधा संपत आलेली असते.

लग्न झालेल्या मुलींचे नाव माहेरच्या यादीत राहणे हा तर प्रत्येक वस्तीतला प्रकार आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी नोंद केलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली होती. आज नाव असते, पण चुकीच्या गावात असते. सासरच्या मंडळींना सुनेचे रेशन कार्डावर नाव लावण्याची जेवढी घाई असते, तेवढीच त्यांनी नमुना ८ ची करायला हवी.

मतदानाच्या दिवशी जे बिघडते तेही सांगण्याजोगे आहे, कारण केंद्रावरून परत आलेला मतदार पुढच्या वेळी जातच नाही. ओळखपत्र आहे म्हणजे मत आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज. यादीत नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग नाही. उलट यादीत नाव आहे आणि ओळखपत्र हरवले आहे, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले पासबुक यांपैकी एक चालते. घरी आलेली मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. दुसरे, केंद्र बदललेले असते. एका केंद्रावर पूर्वी १,५०० मतदारांपर्यंत ठेवत. २०२५ मध्ये ही मर्यादा १,२०० वर आणण्याचे ठरले. यादी अशी पुन्हा वाटली गेली की अनुक्रमांक बदलतो, कधी नवऱ्याचे केंद्र एका शाळेत आणि बायकोचे दुसऱ्या शाळेत जाते. मागच्या वेळचे केंद्र धरून चालू नये, आदल्या रात्री नाव शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर चिडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ओळख पटली की ती द्यावीच लागते. हे मत कागदावर दिले जाते, वेगळ्या पाकिटात राहते आणि एरवी मोजले जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला आणि फरक थोडा असला तर तेच पाकीट उघडते. मत गेले ही तक्रार चहाच्या टपरीवर केली तर तिची कुठेच नोंद राहत नाही, प्रदत्त मताची राहते.

आता तिसरे लोक. नाव आहे, घर आहे, केंद्र समोर आहे. त्यांचा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असाच आहे: बावीस लाखांत माझ्या एका मताने काय होणार? याला नेहमी थोड्या फरकाच्या लढतींची उदाहरणे देतात. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत फरक २०८ होता. आपल्याच शहरात २०१९ ला दक्षिण आणि मध्य नागपूर या दोन्ही जागा सुमारे चार हजार मतांच्या फरकाने ठरल्या, आणि दोन्हीकडे लाखाहून अधिक मतदार घरी होते. ही उदाहरणे खरी आहेत, पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. बहुतेक लढती इतक्या जवळच्या नसतात, आणि हुशार माणूस तेच उत्तर देऊन मोकळा होतो.

माझे उत्तर वेगळे आहे आणि ते नमुना २० या कागदात आहे. मतमोजणी संपल्यावर तयार होणारा हा अंतिम निकालपत्रक तक्ता केंद्रनिहाय असतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते, नोटाला (म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायाला) किती, एकूण किती, हे त्यात ओळीने लिहिलेले असते आणि तो जाहीर असतो. शिवाय मतदान संपताच प्रत्येक केंद्रावरच्या प्रतिनिधीला नमुना १७-सी ची प्रत मिळते, त्यात त्या केंद्रावर किती मते पडली ते असते. तुमचे मत गुप्त राहते. तुमच्या दोन-तीन लेआउटचे मिळून जे केंद्र आहे, तिथे हजारातून चारशेच जण आले, हे मात्र गुप्त राहत नाही. प्रत्येक पक्षाचा बूथ सांभाळणारा माणूस हा तक्ता घेऊन बसतो. पुढच्या पाच वर्षांत कुठे जायचे, कुठे बैठक घ्यायची, कोणाचा फोन उचलायचा, हे त्यावरून ठरते. ज्या केंद्रावर ७० टक्के मतदान होते, तिथला विरोधातला मतदारही त्याला महत्त्वाचा वाटतो, कारण तो येतो आणि पुढच्या वेळी वळू शकतो. ज्या केंद्रावर ३५ टक्के, तिथल्या लोकांना खूश करूनही काही मिळत नाही आणि नाराज करूनही काही जात नाही. गडरलाइन तुंबल्याची तक्रार घेऊन झोन कार्यालयात गेलेल्या सुशिक्षित वस्तीला नगरसेवक का भेटत नाही, याचे उत्तर कित्येकदा या तक्त्यात असते. सार्वजनिक कामे मतांवर ठरू नयेत, हे मलाही पटते. पण ती तशी ठरतात, आणि ती बदलायची ताकदसुद्धा केंद्रावर येणाऱ्यांकडेच असते. एका मताचा परिणाम निकालात शोधू नका, तुमच्या केंद्राच्या ओळीत शोधा. तिथे तुम्ही बावीस लाखांतले एक नसता, हजार-बाराशेंतले एक असता.

'सगळेच सारखे' म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने नोटा आला. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो, हे खरे. पण स्थानिक निवडणुकांसाठी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. नाराजी व्यक्त करण्याचा हा मार्ग असताना घरी बसून नाराजी दाखवणे फुकट जाते, कारण नमुना २० मध्ये नोटाचा रकाना आहे, घरी बसलेल्याचे कारण लिहायला रकाना नाही.

महापालिकेत तर हे आणखी लागू पडते. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. तेव्हा नगरसेवक नाही म्हणून ओरड करणाऱ्यांनी नगरसेवक निवडायची वेळ आल्यावर तरी गर्दी करायला हवी. चार सदस्यांच्या प्रभागात एका मतदाराला चार जागांसाठी चार मते असतात. एखाद्या जागेचा उमेदवार माहीत नसेल तर त्या जागेपुरता नोटा दाबता येतो, पण बटणे अर्धवट सोडून निघून गेल्याने केंद्रावर गोंधळ होतो. राज्य निवडणूक आयोग वेगळी मतदार यादी करत नाही, विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेऊन प्रभागांत फोडतो. फोडताना रस्त्याच्या पलीकडची इमारत दुसऱ्या प्रभागात जाते. प्रारूप यादीवर हरकतीला थोडे दिवस मिळतात आणि ते दिवस जवळजवळ सगळे पक्षांचे कार्यकर्तेच वापरतात.

मग मतदान सक्तीचे करावे का? ऑस्ट्रेलियात १९२४ पासून संसदेच्या निवडणुकीला सक्ती आहे, मत न देणाऱ्याला २० डॉलर दंड होतो आणि मतदान ९० टक्क्यांच्या आसपास राहते. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी तसा कायदा केला, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगाने २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरोधात मत दिले. मीही विरोधात आहे. आपल्या याद्यांची अवस्था पाहता दंडाची नोटीस आधी वारलेल्याच्या घरी जाईल, मग नाव माहेरी राहिलेल्या सुनेला, मग छत्तीसगडहून आलेल्या गवंडी कामगाराला. वकील लावून सुटणारे सुटतील. शिवाय हा हक्क ज्यांना मागून मिळवावा लागला, त्यांच्यासमोर त्याला दंडाचे हत्यार करणे मला रुचत नाही. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी मांडली. १९३५ च्या कायद्याखालीही मत होते ते मालमत्ता, कर आणि शिक्षणाच्या अटीत बसणाऱ्या थोड्यांनाच. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आपण मान्य करतो आहोत, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता तशीच आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हे कुणाला समजावून सांगावे लागू नये. मत ही एकच जागा आहे जिथे इंदोऱ्यातला कामगार आणि धरमपेठेतला डॉक्टर समान तोलाचे आहेत, आणि त्यातली कुणा एकाची गैरहजेरी दुसऱ्याचे वजन वाढवते.

सक्तीपेक्षा आधी ज्यांना जायचे असूनही जाता येत नाही त्यांची वाट मोकळी करावी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब प्रत्येक कर्मचाऱ्याला, रोजंदारीवरच्यालाही, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देते. न देणाऱ्या मालकाला दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत. बुटीबोरी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी कामगारांना ही सुट्टी मिळते का, हे कामगार विभागाने मतदानाच्या आठवड्यात विचारायला हवे. आणि आपल्या फ्लॅट स्कीमचा सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीवर असतो, घरकामाच्या ताई तीन घरी राबून दुपारी मोकळ्या होतात. आपण मत देऊन फोटो टाकतो त्या सकाळी त्यांना पगार न कापता सुट्टी दिली का? ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना नमुना १२-डी भरून घरून मत देता येते, पण तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. हे आजोबांना शेजाऱ्याने सांगायचे असते.

शासनाची कामे शासनाने करावीत. पण केंद्राची यादी दुरुस्त करायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. आपल्या भागाची यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी; हजार-बाराशे नावे असतात. वस्तीतली जुनी चार माणसे एकत्र बसली तर दोन संध्याकाळी ती वाचून होते. वारलेल्यांपुढे एक खूण, घर सोडून गेलेल्यांपुढे दुसरी, आणि वस्तीत आहेत पण यादीत नाहीत त्यांची वेगळी यादी. वारलेल्यांसाठी त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार नाव वगळण्याचा नमुना ७ भरू शकतो, मृत्यूचा दाखला जोडला तर काम लवकर होते. गेलेल्यांना मात्र फोन करून त्यांच्याकडूनच नमुना ८ भरून घ्यावा, परस्पर नाव काढायला लावू नये. दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेलेल्या आजीचे नाव अशानेच उडते. सगळ्यांचे अर्ज गठ्ठ्याने एकाने नेऊन दिले तर घेत नाहीत. प्रत्येकाने आपला अर्ज आपल्या मोबाइलवरून किंवा बीएलओकडे द्यायचा, आणि मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावर अर्जाची स्थिती पाहावी, 'नामंजूर' दिसले तर कारण वाचून लगेच अपील करावे.